चू. भू. द्या. घ्या.

आमच्या लहानपणी वाण्याकडून महिन्याचा हिशेब येई, तो एका लांबट कागदावर. वर मध्यभागी 'श्री', खाली तांदूळ, गूळ, गोडेतेल यांची उतरंड, त्याखाली बेरीज, आणि बेरजेच्याही खाली, सहीच्या अगोदर, चार अक्षरे: चू. भू. द्या. घ्या. ही अक्षरे म्हणजे कुठल्या तरी देवाचे नाव असावे, अशी माझी पुष्कळ दिवस समजूत होती. वर श्री आहे, तेव्हा खालीही कोणी तरी देव असणारच. पुढे वडिलांनी फोड करून सांगितली, चूकभूल द्यावी घ्यावी. म्हणजे आकडेमोडीत चूक झाली असेल, किंवा एखादी गोष्ट मांडायला विसर पडला असेल, तर ज्याच्याकडे अधिक गेले असेल त्याने द्यावे आणि ज्याला कमी पडले असेल त्याने घ्यावे. वाणी काही संत नव्हता. पण आपली बेरीज चुकलेली असू शकेल हे तो दर महिन्याला, कोणी विचारण्याआधीच, लिहून देत असे.

मी पुढे सरकारी नोकरीत शिरलो आणि छत्तीस वर्षे दिल्लीत काढली. या अवधीत माझ्या हाताखालून किती कागद गेले याची गणती नाही. पण त्यांतल्या एकाही कागदाच्या तळाशी ती चार अक्षरे पाहिल्याचे मला आठवत नाही. हे मासिक वाचणाऱ्यांतले निम्मे तरी माझ्याच बिरादरीतले आहेत, म्हणून मोकळेपणाने सांगतो. आपण सरकारी माणसे चुकत नाही असे नाही. आपल्याकडे चूक 'होते', 'राहून जाते', 'अनवधानाने घडते', 'निदर्शनास येते'. ती कोणी करत नाही. शुद्धिपत्र काढावे लागले तरी त्यात 'अमक्याऐवजी तमके वाचावे' एवढाच मजकूर असतो. जणू चूक वाचणाऱ्याचीच होती आणि त्याने आता जरा नीट वाचावे!

आपल्या भाषेनेही या कामी मोठा हातभार लावला आहे. 'मी चुकलो' या वाक्यात कर्ता मी आहे; तिथून पळवाट नाही. 'माझी चूक झाली' म्हटले की कर्तेपण चुकीकडे जाते आणि मी नुसता तिचा मालक उरतो. 'माझ्या हातून चूक झाली' म्हटले की मालकीही हाताकडे जाते. आणि 'काही चुकलेमाकले असेल तर' असे म्हटले की चूक झाली किंवा नाही हेच मुळी समोरच्याने शोधून काढायचे. पायऱ्यापायऱ्यांनी माणूस वाक्यातून कसा अलगद बाहेर पडतो पाहा! मी या जिन्यावरून आयुष्यभर सराईतपणे उतरत आलो. तो चढावा लागला एकदाच, आणि त्याचीच ही हकिगत आहे.

माझे थोरले बंधू वाईला शाळामास्तर होते. आम्ही त्यांना दादा म्हणतो. 1986 साली वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि ते अंथरुणाला खिळले. दिल्लीला त्यांना आणणे शक्य नव्हते. ते आले असते असेही नाही. कृष्णेचा घाट सोडून यमुनेकाठी मरायला ते तयार नव्हते. दादा आणि वहिनी सगळे करत होते. मी दूर होतो, आणि दूर असणारा मुलगा जे करतो ते मीही करत होतो: दरमहा तीनशे रुपयांची मनिऑर्डर. तिच्या खालच्या कुपनावर दोन ओळी लिहिण्यापुरती जागा असे. 'नानांस सा. न. प्रकृतीस जपावे.' एवढ्या दोन ओळींत माझे पुत्रकर्तव्य दरमहा मावत असे.

1988 च्या मार्चअखेरीस, वर्षाचे हिशेब बंद करण्याच्या सरकारी सवयीनेच म्हणा, मी दादाला लिहिले की औषधपाण्याच्या खर्चाचा एकदा तपशील पाठव, म्हणजे रक्कम वाढवायची की काय ते ठरवता येईल. हेतू वाईट नव्हता. आठ दिवसांत फुलस्केप कागदावर दादाच्या वळणदार मास्तरी अक्षरात हिशेब आला. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च. खर्चात डॉक्टर, औषधे, मालिशवाला, रबरी चादर, सारे काही पैशापैशाने मांडलेले. जमेच्या बाजूला माझ्या मनिऑर्डरी. पण त्या बारा नव्हत्या, नऊ होत्या. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर 1987 या महिन्यांच्या रकाना कोरा होता. आणि कागदाच्या तळाशी, सहीच्या वर, वाण्याच्या हिशेबातली ती चार अक्षरे.

मी माझी डायरी काढली. माझ्या डायरीत या तिन्ही महिन्यांपुढे 'म. ऑ.' असे लिहून त्यावर बरोबरची खूण केलेली होती. त्या पावसाळ्यात मी कामासाठी शिलाँगला होतो हे मला आठवत होते. पण खूण ती खूण. नोंद असल्यावर आठवणीला विचारतो कोण? मी दादाला उत्तर लिहिले. वर 'ती. दादास सा. न.' असे रीतसर लिहिले, आणि खाली लिहिले, "माझ्या नोंदीप्रमाणे बारा रकमा रवाना झालेल्या आहेत. उरलेल्या तीन रकमांचा खुलासा व्हावा."

खुलासा व्हावा! ज्याने मला कडेवर घेऊन ढोल्या गणपतीची जत्रा दाखवली, ज्याने मी शिकावे म्हणून स्वतः मॅट्रिकनंतर नोकरी धरली, त्याला मी हाताखालच्या कारकुनाला लिहावे तसे लिहिले. लिहिताना मला त्यात काही गैर वाटले नाही. उलट, शब्द किती संयमाने वापरले आहेत, आरोप कसा केलेला नाही, याचे थोडे समाधानच वाटले होते.

दादाचे उत्तर आले नाही. महिन्याभराने पोस्टमन आला, तो वाईहून आलेली नऊशे रुपयांची मनिऑर्डर घेऊन. कुपन कोरे होते. आणि आज हे लिहितानाही माझा हात अडखळतो, पण लिहिले पाहिजे: मी सही करून ते पैसे घेतले. दादाने चूक निस्तरली असे मला वाटले. 'विषय संपला' असे मी पत्नीला म्हणालो. पोस्टमनला मी वर पाच रुपये बक्षीसही दिले.

पुढे भांडण झाले असे कोणी समजू नये. भांडण झाले असते तर बरे होते. ते मिटवता तरी आले असते. आमचे सगळे रीतसर चालू राहिले. लग्नकार्यात भेटी झाल्या, एकमेकांना आहेर झाले. फक्त दोन गोष्टी बदलल्या. पूर्वी दादाच्या पत्राचा मायना असे, 'चि. बाळ यास अनेक आशीर्वाद'. आता पत्र येई ते 'रा. रा.' असा मायना घालून. आजच्या तरुण वाचकांना कदाचित यातला घाव कळणार नाही. 'रा. रा.' म्हणजे राजमान्य राजश्री. मोठा मान! पण आपल्या धाकट्या भावाला राजमान्य म्हणणारा थोरला भाऊ त्याला घराबाहेर उभा करत असतो. दुसरी गोष्ट, दर उन्हाळ्यात वहिनींकडून येणारा गोड्या मसाल्याचा डबा यायचा थांबला. कापडात शिवून, वर निळ्या शाईने पत्ता घातलेला तो डबा कोणी ना कोणी दिल्लीला येणारा घेऊन येई, आणि तो उघडला की रामकृष्णपुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरात घटकाभर वाई येऊन बसे. पत्नीने दोन-तीन वर्षे वाट पाहिली, मग पहाडगंजातून मसाला आणू लागली.

1989 मध्ये नाना गेले. मी पोहोचलो तेव्हा सारे आटोपले होते. माजघराच्या खिडकीखाली वहिनींचे शिवणयंत्र असे, ती जागा मोकळी होती. माझ्या लक्षात आले. डोळ्यांमुळे शिवण सोडली असेल, असे मी मनाशी म्हटले, आणि विचारले नाही. 2001 साली वहिनीही गेल्या. तेव्हा मी तेराव्याला गेलो होतो.

2006 मध्ये मी निवृत्त झालो. निवृत्त सरकारी माणसाला क्वार्टर रिकामे करण्याइतके आत्मपरीक्षण दुसरे कशानेही घडत नाही. कपाटाच्या वरच्या खणातून 'घर' असे लिहिलेली एक नस्ती निघाली. तिच्यात विम्याचे कागद, मुलांचे जन्मदाखले, आणि त्यांच्यामध्ये टाचणीने एकत्र टोचलेले मनिऑर्डरचे तीन फॉर्म. माझ्या अक्षरात भरलेले. नाव दादाचे, पत्ता वाईचा, रक्कम तीनशे. पहिल्याच्या कुपनावर जुलै, दुसऱ्यावर ऑगस्ट, तिसऱ्यावर सप्टेंबर. 'नानांस सा. न. प्रकृतीस जपावे.' तीन वेळा. शिलाँगला जाण्याआधी एका बैठकीत मी हे फॉर्म भरले होते आणि त्याच बैठकीत डायरीत तीन खुणा केल्या होत्या. मग पत्नीला पैसे देऊन हे पोस्टात भरायला सांगायचे, ते राहिले. फॉर्म नस्तीत गेले आणि खूण डायरीत. नऊ मनिऑर्डरींवरच्या दादाच्या सहीच्या पोचपावत्याही त्याच नस्तीत नीट लावलेल्या होत्या. त्या मोजायला 1988 मध्ये मला दोन मिनिटेही लागली नसती.

मी पत्र लिहायला बसलो. मसुद्यांची मला आयुष्यभर सवय. पहिला मसुदा दोन पानांचा झाला. त्यात शिलाँगचा पाऊस, कामाची घाई, डायरीची पद्धत असे सविस्तर विवरण होते. पत्नीने तो वाचला आणि विचारले, "ही माफी आहे की खुलासा?" मी तो फाडला. दुसऱ्या मसुद्यात 'माझ्या पत्राने तुला वाईट वाटले असेल तर' असे वाक्य होते. ती म्हणाली, "'असेल तर' म्हणजे काय? अठरा वर्षं रा. रा. लिहितायत ते." तिसऱ्यात मी क्षमा मागितली होती, आणि पुढे 'पण' घातला होता. पणाच्या पुढे काय होते ते आता आठवत नाही. पणाच्या अलीकडचे सगळे त्याने पुसून टाकले होते एवढे आठवते. चौथा मसुदा फार सुंदर साधला होता. त्यात मी स्वतःला इतके कठोर शब्द लावले होते की वाचणाऱ्याला माझीच कीव यावी. तो पत्नीने वाचून नुसता परत दिला. तिच्या न बोलण्यातून मला कळले की दादाने या पत्रावर माझे सांत्वन करावे अशी मी व्यवस्था केली आहे.

त्या दिवसांत मला आमच्या जिन्यातल्या एका शेजाऱ्याची वारंवार आठवण येई. ते गुजराती जैन होते. दरवर्षी पर्युषणाच्या अखेरीस, संवत्सरीला, ते वरच्या मजल्यापासून खालपर्यंत प्रत्येक दारी जात आणि हात जोडून 'मिच्छामि दुक्कडं' म्हणत. म्हणजे माझे दुष्कृत्य मिथ्या होवो. एकदा मी हसून म्हटले, "अहो, वर्षभरात तुमचं आमच्याकडे काय चुकलं?" ते शांतपणे म्हणाले, "ठाऊक असतं तर त्या दिवशीच येऊन गेलो असतो." त्या वेळी मला ते चातुर्य वाटले होते. आता वाटू लागले की हा माणूस दर वर्षी, न चुकता, हिशेबाच्या तळाशी ती चार अक्षरे लिहीत होता.

आपल्यातही रीत नाही असे नाही. चालताना कोणाला पाय लागला तर आपला हात आपोआप त्याला शिवून कपाळाकडे जातो. पुस्तकाला लागला तरी जातो. पूजेच्या शेवटी देवाकडे अपराधांची क्षमा मागितल्याशिवाय आपण उठत नाही. पण शब्दाचा पाय लागला तर हात कुठे न्यायचा हे मात्र आपल्याला कोणी शिकवलेले नाही. देवाशी जे रोज जमते ते भावाशी अठरा वर्षांत जमू नये, याचे कारण उघड आहे. देव काही विचारत नाही. भाऊ विचारील, या भीतीने जीभ टाळूला चिकटते.

गांधीजींनी आत्मकथेत आपल्या पोरवयातल्या चोरीची हकिगत सांगितली आहे. भावाच्या सोन्याच्या कड्यातला तुकडा त्यांनी काढला होता. तोंडाने सांगवेना म्हणून चिठ्ठी लिहिली आणि आजारी वडिलांच्या हाती दिली. वडिलांनी ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले आणि त्यांनी ती चिठ्ठी फाडून टाकली. ही हकिगत मी पूर्वी पुष्कळदा वाचली होती. या खेपेस वाचताना माझ्या ध्यानात आले की त्यांनी चिठ्ठी पोस्टाने पाठवली नव्हती. चिठ्ठी वाचून होईतो ते तिथे समोर होते.

मी मसुदे बाजूला ठेवले आणि झेलम एक्सप्रेसचे तिकीट काढले.

पुण्याला उतरून स्वारगेटहून एस. टी. धरली. अठराशे रुपये पाकिटात घातले होते. गाडीत, माझ्या स्वभावाला अनुसरून, मी त्यावर अठरा वर्षांचे व्याजही मनात काढले, चक्रवाढीने. आणि खंबाटकीचा घाट चढताना माझी मलाच लाज वाटली. सुरूर फाट्याला गाडी वाईकडे वळली तेव्हा मी पाठ केलेली सगळी वाक्ये विसरलो होतो.

दादा ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसला होता. मला अचानक पाहून त्याने चष्मा काढला. मी तिघे फॉर्म त्याच्या हातात ठेवले आणि म्हणालो, "दादा, मी चुकलो. पैसे पाठवलेच नव्हते."

त्याने एकेक फॉर्म वाचला, कुपनासकट. मग म्हणाला, "ठाऊक आहे मला. मला नऊच मिळाले होते."

किती साधी गोष्ट! मला जे अठरा वर्षांनी कळले ते त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. मी त्याला नवे काहीच सांगितले नव्हते.

"मग तेव्हा मला विचारलं का नाहीस? जुलैत पैसे आले नाहीत तेव्हाच?"

"मी लिहायला घेतलं होतं. ती म्हणाली, लिहू नका. भावजींना अडचण असेल म्हणूनच राहिले असतील, मागितले तर ओशाळतील. तिन्ही महिने तिने रात्री शिवण वाढवून काढले." तो थोडा थांबला. "आणि मग तुझं ते पत्र आलं."

मी विचारले, "आणि ते नऊशे? शिवणयंत्र विकलंत का?"

"जुनं झालं होतं ते," दादा म्हणाला, आणि फॉर्मांच्या घड्या घालू लागला.

मी पाकीट पुढे केले. तो 'राहू दे रे' म्हणेल, मी आग्रह करीन, आणि मग दोघांचेही डोळे भरून येतील, असे काहीसे माझ्या मनात असावे. तसे काही झाले नाही. त्याने पाकीट घेतले, नोटा काढून मास्तरी पद्धतीने दोनदा मोजल्या, आणि आत जाऊन एक जुनी वही घेऊन आला. तिच्यात मला पाठवलेल्या त्या हिशेबाची नक्कल होती. जमेच्या बाजूला, कोऱ्या सोडलेल्या तीन ओळींत, त्याने थरथरत्या हाताने लिहिले: जुलै 300, ऑगस्ट 300, सप्टेंबर 300. खर्चाच्या बाजूला 1988 मध्ये 'बाळ यास परत 900' अशी एक ओळ होती. तिच्यावर त्याने सरळ आडवी रेघ मारली. मग बेरीज पुन्हा तपासून वही माझ्याकडे फिरवली आणि तळाच्या चार अक्षरांवर बोट ठेवले.

"हे मी तेव्हाही लिहिलं होतं," तो म्हणाला. "तू बेरजेपर्यंतच वाचलंस."

मी मान खाली घातली. तो वही मिटत म्हणाला, "माझा जुळला आता. तिचा मात्र माझ्या वहीत नाही."

संध्याकाळी मी एकटाच घाटावर जाऊन बसलो. वहिनींची क्षमा मागायची तर आता ती कोणाकडे मागायची, हा प्रश्न घेऊन बसलो होतो, आणि उठलो तेव्हाही तो तसाच होता. चूक कबूल केल्याने मन हलके होते असे लोक सांगतात. माझ्यापुरते सांगायचे तर अर्धे झाले. उरलेले अर्धे घेणारी व्यक्ती पाच वर्षांपूर्वीच गेली होती, आणि ते कमी करण्याची काही रीत मला अजूनही सापडलेली नाही. म्हणून, परमुलखात असलेल्या माझ्या बंधूंनो, हातात कोणाचा जुना हिशेब राहिला असेल तर तो निवृत्तीपर्यंत ठेवू नका. पोचपावत्या आजच मोजा. पलीकडचा माणूस सही करायला जागेवर आहे तोवर.

दिल्लीला परतल्यावर पंधरा दिवसांनी वाईहून एक अंतर्देशीय पत्र आले. पत्नीने ते माझ्या हाती देताना पत्त्याकडे न पाहता आधी घडी उघडून मायना वाचला, आणि मग स्वयंपाकघरात गेली. तिथे वहिनींचा तो रिकामा मसाल्याचा डबा आम्ही इतकी वर्षे साखरेला वापरत होतो. ती तो घासत असल्याचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता.

पत्रात विशेष काही नव्हते. पाऊस बरा आहे, घराची कौले शाकारून घेतली, गुडघे दुखतात. सुरुवात होती, 'चि. बाळ यास अनेक आशीर्वाद'. मी साठ वर्षांचा होतो.